लॉटरीत नंबर लागला, पण गणिताच्या चाचणीनंतर म्हणतात 'पुन्हा चौथी करा' (ॲरिझोना, चार्टर शाळा)

रानजाई

मंडळी, सल्ला हवा आहे. थोडं लांबलचक लिहिते, कारण अर्धवट माहिती दिली की तुम्हीच ओरडता.

आम्ही पुण्याहून चँडलरला आलो. लेक सध्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या हद्दीतल्या सरकारी शाळेत चौथीत आहे. इंटेल आणि आजूबाजूच्या कंपन्यांमुळे इथे आपली माणसं भरपूर. रविवारच्या मराठी शाळेत मुलांना सोडलं की पार्किंगमध्ये आईबापांचा एकच विषय असतो: कुठल्या चार्टरला (पैसा सरकारी, पण चालवणारी संस्था वेगळी, अशा शाळेला) अर्ज टाकला? मग आम्हीही टाकला. वेगवान अभ्यासक्रमाची शाळा आहे, पाचवीपासून माध्यमिक सुरू होतं. लॉटरीत पाचवीची जागा मिळाली. मुदतीत होकार कळवला, जन्मदाखला, लसीकरण, रहिवासाचा फॉर्म सगळं दिलं. त्यानंतर प्लेसमेंट टेस्ट. इंग्रजी ठीक आहे म्हणाले. गणिताचा निकाल मात्र असा आला की पाचवीच्या गणितासाठी तयारी कमी पडते, सबब तिला पुन्हा चौथीत बसवावं अशी शिफारस.

तीसपर्यंत पाढे म्हणणारी मुलगी आहे हो. सध्याच्या वर्गात सगळ्यांच्या आधी काम संपवून बसलेली असते.

प्रश्न असे. लॉटरी लागल्यावर परीक्षा घेऊन मागे ढकलता येतं का? आता मार्च आहे, ऑगस्टपर्यंत कसर भरून निघेल का? की हा नाद सोडून डिस्ट्रिक्टमध्येच राहू द्यावं? शाळेचं नाव मुद्दाम देत नाहीये, कृपया विचारू नका.

कलमकसाई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे. ते एकत्र केले की भांडण भलत्याच माणसाशी होतं.

ॲरिझोनाचा चार्टर कायदा १९९४ चा. त्यातलं कलम १५-१८४ प्रवेशाबद्दल आहे. मुदतीत अर्ज करणाऱ्या प्रत्येक पात्र मुलाला घ्यायचं, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त झाले तर लॉटरीसारख्या सर्वांना समान संधी देणाऱ्या पद्धतीने निवड करायची. आधीपासून शाळेत असलेली मुलं आणि त्यांची भावंडं यांना प्राधान्य. वंश, मूळ देश, लिंग, घरचं उत्पन्न, अपंगत्व, इंग्रजी किती येतं, खेळात किती तरबेज आहे, यांवरून प्रवेश रोखता येत नाही. शाळा अमुक वयोगटाची किंवा अमुक इयत्तांची आहे असं ठरवता येतं. दुसऱ्या शाळेतून काढून टाकलेल्या मुलाला नाही म्हणता येतं. थोडक्यात, 'गणित कच्चं आहे म्हणून जागा नाही' असं म्हणायची सोय चार्टरला नाही.

आता दुसरा भाग. मूल आत आल्यावर त्याला कुठल्या वर्गात आणि गणिताच्या कुठल्या पातळीवर बसवायचं हा शाळेचा शैक्षणिक निर्णय धरला जातो. तिथे चाचणी चालते.

मी तुमच्या जागी असतो तर एकच प्रश्न ईमेलवर विचारला असता: चौथीत जागा आहे का, आणि ती आमच्या नावावर ठेवली आहे का? लॉटरी इयत्तेनुसार निघते. चौथीची स्वतःची प्रतीक्षायादी असू शकते. पाचवीतून उतरवलं आणि चौथीत जागाच नाही, असं झालं तर त्याला प्लेसमेंट म्हणत नाहीत, तो नकार झाला. फोनवर 'बघतो, करतो' ऐकून समाधान मानू नका.

बोरकूट

चार्टर म्हणजे खाजगी शाळा ना? मग फी भरून परत चौथी कशाला? आम्ही न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टमध्येच खूश आहोत बुवा.

सोनचाफा

नाही हो बोरकूट, चार्टर ही सार्वजनिक शाळाच. पैसा सरकारी, फी नाही, चालवणारी संस्था वेगळी. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, मग इतर राज्यं आली. ॲरिझोनात सार्वजनिक शाळांतल्या साधारण पाच मुलांमागे एक मूल चार्टरमध्ये जातं, म्हणून इथे हा विषय घरोघरी आहे.

गोंधळ होतो तो नावांमुळे. बेसिस या शाळांच्या साखळीचंच घ्या. मायकेल आणि ओल्गा ब्लॉक या जोडप्याने १९९८ मध्ये ट्यूसॉनला पहिली शाळा काढली. ओल्गाबाई मूळच्या चेक. अमेरिकन शाळांचा वेग त्यांना फार संथ वाटला. सहावीपासून भौतिक, रसायन, जीवशास्त्र वेगवेगळे शिकवायचे, हे आपल्याला ओळखीचं वाटतं ते उगाच नाही. ॲरिझोना, टेक्सास, वॉशिंग्टन डीसी इथल्या त्यांच्या शाळा चार्टर आहेत. मात्र कॅलिफोर्नियात सिलिकॉन व्हॅलीला आणि न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये जवळपास त्याच नावाने ज्या आहेत त्या पूर्ण खाजगी. तिथे फी आहे आणि शाळा मूल निवडून घेऊ शकते. बे एरियातली मैत्रीण सांगते ते नियम चँडलरला लावून उपयोग नाही.

फुकट म्हणजे अगदी फुकटही नाही, ते वेगळं. मतदारांच्या मंजुरीने डिस्ट्रिक्टला स्थानिक मालमत्ता करातून जो जादा पैसा (बाँड, ओव्हरराइड) मिळतो तो चार्टरला मिळत नाही, त्यामुळे पालकांकडून देणगीची अपेक्षा असते. ती ऐच्छिकच असायला हवी, प्रवेशाशी तिचा संबंध नाही. बहुतेक ठिकाणी बस नसते. रोजची ने-आण तुमच्या गळ्यात.

खडूफळा

मी गणित शिकवतो. आधी महाराष्ट्रात शिकवलं, आता ट्यूसॉनमध्ये शिकवण्या घेतो. रानजाई, तुमच्या लेकीचं काय झालं असेल याचा अंदाज बांधतो, निकाल न बघता.

डिस्ट्रिक्टची चौथी वाईट नसते, तिचा क्रम वेगळा असतो. बहुतेक राज्यांचे मापदंड कॉमन कोअरच्या (कुठल्या इयत्तेत काय यावं याच्या, अनेक राज्यांनी घेतलेल्या सामाईक आराखड्याच्या) वळणाचे आहेत, ॲरिझोनाने २०१६ मध्ये आपले बदलले तरी सांगाडा तोच राहिला. त्या क्रमात भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पाचवीत येते. अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणं सहावीत. गुणोत्तर, शेकडेवारी, ऋण संख्या याही सहावीत. आपण जो भागाकार चौथीत खाली-खाली ओढत शिकलो, त्या रीतीवर सफाई येणं अपेक्षित आहे तेही सहावीत. त्याआधी मुलं चौकटी काढून, तुकडे पाडून भागाकार करतात.

वेगवान चार्टर पाचवीतच बीजगणिताच्या आधीची तयारी सुरू करते, कारण सातवीच्या आसपास बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम (बीजगणित एक) आटपायचा असतो. त्यामुळे तुमची लेक चौथीत पहिली आलेली असूनही या चाचणीत अडते, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. मधल्या वर्ष-दीड वर्षाचं गणित तिला कोणी शिकवलेलंच नाही.

पाढे तीसपर्यंत येतात ही जमेची बाजू मोठी आहे, कमी लेखू नका. पण या चाचण्या पाढ्यांपाशी थांबत नाहीत. भारतातून आलेल्या मुलांचे दोन ठरलेले खड्डे सांगतो. एक, मापं. इंच-फूट-यार्ड, आउन्स-पाउंड, पाइंट-क्वार्ट-गॅलन. आपली मुलं दशमान पद्धतीत वाढलेली. 'दीड गॅलन दुधाचे किती कप' यात गणित सोपं असतं, पण गॅलनमध्ये कप सोळा हे माहीत नसेल तर प्रश्न गेला. दुसरा, शाब्दिक उदाहरणं. इंग्रजी वाचता येणं आणि गणिताचं इंग्रजी वाचता येणं या निराळ्या गोष्टी आहेत. 'देअर आर थ्री फ्यूअर दॅन ट्वाइस' (दुपटीपेक्षा तीन कमी) असलं वाक्य मुलं डावीकडून उजवीकडे जसंच्या तसं मांडतात आणि उलटं उत्तर काढतात.

शाळेकडे गुण मागू नका, प्रकरणवार निकाल मागा. अपूर्णांकात किती, मापांत किती, भागाकारात किती. त्यावरून कळेल की पाया कच्चा आहे की फक्त काही प्रकरणं झालेली नाहीत. न झालेली प्रकरणं मार्च ते ऑगस्ट एवढ्या वेळात आरामात होतात. पाया कच्चा असेल तर मात्र शाळा बरोबर सांगते आहे.

तिरपागडे

वा. म्हणजे दारावर लॉटरी आणि आत चाळणी. कायदा म्हणतो सगळ्यांना घ्या, शाळा म्हणते घेतलं की, आता परत मागच्या वर्गात बसा. निम्मे पालक तिथेच 'नको रे बाबा' म्हणून निघून जातात आणि यादीतलं पुढचं तयार मूल आत येतं. मग बोर्डावर 'देशात पहिला क्रमांक'.

आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्क्यांच्या लॉटरीत हेच बघितलंय. नंबर लागतो, मग शाळा कागदपत्रांत अडकवते.

कलमकसाई

तिरपागडे, तुलना अर्धीच जुळते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १२ खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिलीच्या चौथाई जागा वंचित घटकांना द्यायला लावतं, बाकीच्या जागा शाळेच्या. चार्टरमध्ये शंभर टक्के जागा सगळ्यांना खुल्या असतात. पण आरटीईचं कलम १३ मूल किंवा पालकांची चाळणी परीक्षाच बंद करतं आणि कलम ४ वयाला साजेशा वर्गात बसवायला सांगतं, ते इथे आठवण्यासारखं आहे. ॲरिझोनात वयाला साजेशा वर्गाचा असा हक्क मागता येईल असं मला दिसत नाही.

तुमचा संशय मात्र हवेतला नाही. एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या ॲरिझोना शाखेने २०१७ च्या डिसेंबरात एक अहवाल काढला. ४७१ चार्टर शाळांची प्रवेशाची कागदपत्रं आणि नियम तपासले, आणि त्यांतल्या निदान २६२ शाळांमध्ये कायद्याचा भंग करणाऱ्या किंवा काही मुलांना परावृत्त करू शकणाऱ्या गोष्टी त्यांना आढळल्या. अर्जातच अपंगत्वाबद्दल विचारणं, निबंध किंवा मुलाखत मागणं, असले प्रकार. त्यामुळे ज्यांचे अर्ज अजून जायचेत त्यांनी एवढं बघा: जागा देण्याआधी गुणपत्रक, शिफारसपत्र किंवा चाचणी मागितली, तर विचारा कशासाठी. जागा दिल्यानंतर मागितली तर ते वर्ग ठरवायला असतं.

तिरपागडे

आधी आणि नंतर एवढाच फरक! परिणाम तोच.

कलमकसाई

परिणाम तोच नाही. नंतर झालेल्या चाचणीत तुमच्या हातात जागा असते. ती सोडायची की नाही हे तुम्ही ठरवता. आधीच्या चाचणीत तुमच्या हातात काहीच नसतं.

कोकणमेवा

आमच्या मुलाला असंच चौथीत परत बसवायला सांगितलं होतं, वेगळ्या शाळेत, आम्ही बसवलं. सासूबाईंनी फोनवर 'नापास झाला का गं?' म्हणून विचारलं तेव्हा खूप लागलं. पण त्याचा वाढदिवस ऑगस्टमधला, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान होता तो. एक वर्ष मागे गेल्यावर मधल्या वयाचा झाला. गणित बसलं, मुख्य म्हणजे लिहिणं सुधारलं. आता सातवीत आहे, बीजगणित चालू आहे, रडारड नाही.

वाढदिवस कधीचा आहे ते बघ रानजाई. सप्टेंबर-ऑक्टोबरचा असेल, वर्गात आधीच मोठी असेल, तर मी नसते बसवलं.

घाटावरची

मी दुसरी बाजू लिहिते. आमच्या मुलीला पाचवीत थेट घेतलं, चाचणी काठावर निघाली होती. पाचवी रेटली. सहावीत तीन शास्त्रं, गणित, वर्षाअखेरच्या सर्वंकष परीक्षा. रात्री साडेदहापर्यंत गृहपाठ आणि सकाळी डोळे सुजलेले. सातवीच्या मध्यात आम्ही डिस्ट्रिक्टला आणलं. शाळेवर राग नाही, त्यांनी मदतीचे तास दिले. ती बुद्धीने कमी नाही, वेग तिचा नव्हता.

डिस्ट्रिक्टमध्ये ऑनर्सचं गणित घेतलं, बँड घेतला, पोहायला लागली. या चर्चेत डिस्ट्रिक्ट म्हणजे हरलेल्यांची जागा असा सूर असतो तो मला खटकतो. चँडलरच्या सरकारी हायस्कुलांत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय ढिगाने आहेत. आणि गिफ्टेडची (विशेष हुशार मुलं ओळखायची) चाचणी मागून घ्या, फुकट असते. भाषा, संख्या किंवा चित्रं यांपैकी एकात जरी ९७ पर्सेंटाइल आलं तरी डिस्ट्रिक्टला गिफ्टेडची सोय करून द्यावी लागते, तसा राज्याचा कायदाच आहे.

सोनचाफा

घाटावरची, +१. एक भर घालते. वेगवान शाळेतून बाहेर पडणं सोपं, वर चढल्यावर आत शिरणं अवघड. आठवी-नववीत बाहेरून येणाऱ्या मुलाने तीन वर्षं वेगळं भौतिक-रसायन केलेलं नसतं, बीजगणित दोन झालेलं नसतं. त्यामुळे वरचे वर्ग लहान होत जातात, गेलेल्यांच्या जागी फार कोणी येत नाही. २०१८ च्या यू. एस. न्यूजच्या देशातल्या हायस्कुलांच्या यादीत पहिल्या पाचही जागा बेसिसच्या ॲरिझोनातल्या शाळांना होत्या. ती क्रमवारी एपी परीक्षांवर बरीच अवलंबून होती, आणि एपीला बसलेली मुलं म्हणजे शेवटपर्यंत टिकलेली मुलं. पाचवीला तुमच्या शेजारी बसलेली सगळी नव्हेत. शाळेच्या माहितीसत्रात बारावीत किती मुलं आहेत आणि पाचवीत किती, एवढं विचारलं तरी पुरे.

टेक्सासची सून

आमच्याकडे सॅन अँटोनियोत चार्टरचा नियम साधारण तसाच, लॉटरी. फक्त शिस्तभंगाचा लेखी इतिहास असलेल्या मुलाला चार्टर नाकारू शकते, तशी कायद्यात सोय आहे.

पण खरी गंमत डिस्ट्रिक्टमध्ये झाली. २०२३ मध्ये टेक्सासने कायदा केला: पाचवीच्या राज्य परीक्षेत गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलाला सहावीत प्रगत गणितात आपोआप घालायचं. नको असेल तर पालकांनी लिहून द्यायचं. आधी शिक्षकांची शिफारस, पालकांचा अर्ज, अमक्याची ओळख असं चालायचं. ज्यांना अर्ज करायचा असतो हेच माहीत नव्हतं त्यांची मुलं तयार असूनही मागे राहायची. नॉर्थ कॅरोलायनाने २०१८ मध्ये याच धर्तीचा नियम केला होता.

चार्टरच्या मागे धावायचं कारण माझ्यासाठी तरी त्याने कमी झालं.

मिसिसिपीकाठ

कलमकसाईंनी लिहिलं ते ॲरिझोनाचं. आमच्या लुइझियानात वेगळं. न्यू ऑर्लिन्सचं बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल कत्रिना वादळानंतर चार्टर झालं आणि तरीही गुण पाहूनच प्रवेश देतं, तसं ते पूर्वीपासूनच देत होतं. तेव्हा 'चार्टर म्हणजे लॉटरी' हे सगळीकडे धरून चालू नका. राज्य बदललं की नियम बदलतो.

बेएरिया_वडापाव

कॅलिफोर्नियातही जागा कमी पडल्या की जाहीर सोडतच. शिवाय नाव नोंदवण्याआधी चार्टरने मुलाचे शैक्षणिक रेकॉर्ड मागायचे नाहीत असं २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात स्पष्ट आहे.

अवांतर: सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतलं बीजगणित काढून टाकलं, सगळे नववीत एकत्र शिकतील म्हणून. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर क्लास लावले. २०२४ च्या मार्चमध्ये शहराच्या मतदारांनी ते परत आणा म्हणून कौल दिला. अमेरिकेत गणित कोणत्या इयत्तेत शिकवायचं यावर मतपेटी लागते, हे मी गावी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

तिरपागडे

गावी पाण्याच्या टँकरवर लागते, इथे बीजगणितावर. प्रगती आहे.

निनावी

हा आयडी नवीन काढलाय, कारण ओळखीचे खूप आहेत इथे. माझ्या मुलाला एडीएचडी आहे (लक्ष एका जागी टिकत नाही), आयईपी, म्हणजे त्याला शाळेत कोणती मदत द्यायची याचा लेखी आराखडा, आहे. एका शाळेच्या माहितीसत्रानंतर तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, 'आमचा वेग त्याला झेपेल का, तुम्ही विचार करा.' आम्ही अर्जच केला नाही. आता वाचून वाटतं, त्या असं म्हणू शकतात का?

कलमकसाई

निनावी, चार्टर सार्वजनिक शाळा आहे, त्यामुळे विशेष शिक्षणाचा केंद्रीय कायदा तिला जसाच्या तसा लागू आहे. आयईपी असलेल्या मुलाला लॉटरीत इतरांइतकाच हक्क आहे, आणि जागा मिळाली की सेवा द्यायची जबाबदारी शाळेची. 'आमच्याकडे तशी सोय नाही' हे उत्तर चालत नाही. प्लेसमेंटच्या चाचणीतही आयईपीत लिहिलेली सवलत, म्हणजे जास्त वेळ, वेगळी खोली वगैरे, मागा.

अर्ज करण्याआधी कोणी असं सुचवत असेल तर तारखेसकट लिहून ठेवा. ॲरिझोनात चार्टर शाळांवर देखरेख करणारं राज्य मंडळ आहे, तक्रार तिथे करता येते. पुढच्या वर्षीची लॉटरी अजून आहेच, अर्ज भरून टाका.

निनावी

धन्यवाद. भरते.

रानजाई

सगळ्यांचे आभार. प्रकरणवार निकाल मागितला, दोन दिवसांनी आला. खडूफळा सर, तुमचा अंदाज जवळपास तसाच निघाला. पूर्णांकांच्या क्रिया उत्तम, भागाकारही चांगला. अपूर्णांक अर्धेमुर्धे. शेकडेवारी आणि ऋण संख्या शून्य, कारण बघितलेच नव्हते. मापांत दोनच बरोबर. शाब्दिक उदाहरणांत निम्मी सोडून दिलेली.

चौथीच्या जागेबद्दल ईमेल केली. उत्तर आलं की चौथी भरलेली आहे, प्रतीक्षायादीत वर ठेवू. म्हणजे कलमकसाई म्हणाले तेच. मग मी विचारलं की जागा नक्की नसेल तर पाचवीची जागा आम्ही सोडत नाही, पण पुन्हा चाचणी कधी घेता येईल? जुलैत घेऊ म्हणाले. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, विचारल्यावर सांगितलं.

वाढदिवस जानेवारीचा आहे, कोकणमेवा. म्हणजे ना लहान ना मोठी.

नवऱ्याचं म्हणणं कुमॉनचा सराववर्ग लावू. लेकीचं म्हणणं मैत्रिणी डिस्ट्रिक्टमध्ये आहेत, मला कुठेच जायचं नाही. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा तिला विचारलंच नव्हतं.

खडूफळा

निकाल चांगला आहे. पाया पक्का, प्रकरणं बाकी.

कुमॉनबद्दल: क्रिया जलद होण्यासाठी उत्तम, पण तिला ते आधीच येतं. तिला मापं आणि शाब्दिक उदाहरणं हवीत, ती तिथे फारशी नसतात. पैसे वाचवा.

अशा बऱ्याच शाळांत सॅक्सन नावाच्या पाठ्यपुस्तकांच्या धर्तीचं गणित चालतं. रोज नवा भाग अगदी थोडा, आणि बाकी सगळी उदाहरणं आधीच्या धड्यांतली मिसळलेली. आपल्याकडे प्रकरण संपलं की त्यावर वीस गणितं आणि मग विसरलं तरी चालतं, त्याच्या हे उलट. जुलैच्या चाचणीत प्रश्न असेच मिसळलेले असणार, म्हणून घरचा सरावही तसाच ठेवा. रोज दहाबारा गणितं, त्यांत चार अपूर्णांकांची, दोन मापांची, दोन शाब्दिक, एक ऋण संख्येचं, उरलेली जुनी. अर्धा तास. त्याहून जास्त नको.

क्रम असा ठेवा: आधी सममूल्य अपूर्णांक आणि लसावि पक्का, मग भिन्न छेदांची बेरीज-वजाबाकी, मग गुणाकार, मग भागाकार. शेकडेवारी अपूर्णांकांनंतर एका आठवड्यात येते, आधी घेतली तर महिना जातो. ऋण संख्यांसाठी फ्लॅगस्टाफचं हिवाळ्यातलं तापमान घ्या, चँडलरचं कामाचं नाही.

भागाकाराला उलटं करून गुणायची युक्ती मात्र आधी शिकवू नका. हे विचारा: पाऊण पाउंड शेंगदाणे आहेत, एका पुडीत एक अष्टमांश पाउंड बसतात, पुड्या किती? चित्र काढून सहा आलं आणि का आलं हे तिने सांगितलं, की मग युक्ती द्या. युक्ती आधी मिळालेली मुलं चाचणीत 'किती पुड्या' वाचून गुणाकार करतात. दर वर्षी बघतो.

घाटावरची

सर, सगळं पटलं. पण रानजाईच्या शेवटच्या ओळीवर कोणीच काही बोललं नाही. मुलगी म्हणतेय जायचं नाही.

कोकणमेवा

नऊ-दहा वर्षांची मुलं नव्या शाळेला नाहीच म्हणतात गं. माझाही म्हणत होता. दोन महिन्यांत विसरला.

घाटावरची

विसरला की सांगायचं थांबला?

कोकणमेवा

आता सातवीत रोज सांगतो, आणि काय काय सांगतो ते इथे लिहिण्यासारखं नाही :) थांबलेला नाही.

रानजाई

भांडू नका. असं ठरवलंय: शाळेत एक दिवस वर्गात बसून बघता येतं का ते विचारलं, एप्रिलमध्ये हो म्हणालेत. ती बसेल, मग बोलू. गणित आम्ही तसंही करणार आहोत, कुठेही गेली तरी अपूर्णांक लागणारच. डिस्ट्रिक्टची जागा जात नाही हेही विचारून घेतलं. आपल्या हद्दीतली शाळा असल्याने कधीही परत घेतील.

शेंगदाण्याच्या पुड्या तिने काढल्या. सहा आलं. 'का' विचारल्यावर म्हणाली, 'कारण मी मोजलं.'

खडूफळा

उत्तम उत्तर. आता पुड्या एक षोडशांशाच्या करा, मोजायचा कंटाळा येईल.

सोनचाफा

देणगीचं कोणी विचारलं नाही तरी सांगून ठेवते. ॲरिझोनाचा कर भरत असाल तर सार्वजनिक शाळेच्या अवांतर उपक्रमांसाठी दिलेल्या पैशांवर राज्याच्या करात तेवढीच वजावट मिळते, एकट्याला २०० आणि जोडीने भरणाऱ्यांना ४०० डॉलर. चार्टरलाही चालते, डिस्ट्रिक्टलाही. स्वतःचं मूल त्या शाळेत असायलाच हवं असं नाही. चँडलरहून ने-आण वाटून घ्यायची असेल तर मला व्यनि करा, आमच्या गाडीत एक जागा आहे.

नवखा_बाबा

खूप छान माहिती. माझा मुलगा येत्या नोव्हेंबरमध्ये पाच वर्षांचा होईल. बालवाडीच्या लॉटरीसाठी आत्ताच अर्ज करू का? तो शंभरपर्यंत अंक म्हणतो आणि पाचपर्यंत पाढे.

कलमकसाई

ॲरिझोनात १ सप्टेंबरच्या आधी पाच पूर्ण लागतात. त्यानंतर पण १ जानेवारीच्या आधी पाच होणाऱ्यांना शाळा घेऊ शकते, घ्यायलाच हवं असं नाही. शाळेला विचारा. आणि पाच वर्षांच्या पोराच्या गणितावर बोलायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा.